मे महिन्यासाठी तापवायची पेटी: लॅमिनेटेड धनुष्याच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

पातळ पट्ट्या गोंदाने चिकटवून धनुष्य करतोय, आणि तो गोंद तापवायला एक लांब पेटी बनवतोय. दिवाळी सरली की अमरावतीत रात्री गार पडायला लागतात आणि एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून जमणारा गोंद, रेंगाळतं. पेटी त्यासाठी करत असेन असं सगळ्यांना वाटतंय. तसं नाही. गोंद जमायला दीड दिवस लागला तरी माझं काही अडत नाही. पेटी हवी आहे ती मे महिन्यासाठी.

खोलीतल्या हवेवर जमलेलं एपॉक्सी हाताला टणक लागतं, पण आतून ते अर्धवटच जमलेलं असतं. रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना धरत जातात, जाळी दाट होत जाते आणि एका टप्प्यावर गोंद इतका कडक होतो की उरलेल्या रेणूंना हलताच येत नाही. तिथे काम थांबतं. पुढे सरकायचं तर उष्णताच लागते. असा जोड परत मऊ पडायला लागतो ते तापमान, तो ज्या तापमानाला जमला त्याच्या फार वर नसतं, ढोबळमानाने पंधरा-वीस अंश. हिवाळ्यात घरात २५ ला जमलेला जोड ४०-४५ च्या आसपास ढिला व्हायला लागणार. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ असतात. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर साठच्या वर.

लॅमिनेटेड धनुष्यात ही गोष्ट जास्त बोचते. पातळ पट्ट्या साच्यावर वाकवायच्या आणि त्या अवस्थेत चिकटवायच्या. वाकलेल्या पट्ट्यांना सरळ व्हायचंच असतं, पण गोंद त्यांना एकमेकींवरून सरकू देत नाही म्हणून आकार टिकतो. गोंद मऊ झाला की जोड उघडण्याच्या कितीतरी आधी पट्ट्या हळूच सरकतात आणि टोकांचा उलटा, म्हणजे मारणाऱ्यापासून दूर वळलेला, बाक निघून जातो. दिसायला धनुष्य धडधाकट, पण बाण मात्र आधीसारखा जात नाही.

करायचं धनुष्य: ६६ इंची, पाठीला (मारणाऱ्यापासून लांबची बाजू) मानवेल बांबू, मधे मानवेलाचीच पातळ पट्टी, पोटाला (मारणाऱ्याकडची बाजू) धामणीचं लाकूड. मेळघाटाच्या बाजूला धामण नवी नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यापासून धनुष्यापर्यंत जिथे लवचिकपणा लागतो तिथे जुनी माणसं तिलाच हात घालतात. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कम्पाऊंडमध्ये जगज्जेते झाल्यापासून मैदानावर दुसऱ्या कशाबद्दल बोलायची सोय राहिलेली नाही. अभिमान आहेच. पण कप्प्या-केबलच्या त्या यंत्रात घरी बनवण्यासारखं काही नाही, आणि इंडियन राउंड, म्हणजे ५० आणि ३० मीटरवरची स्पर्धा, अजून बांबूच्याच धनुष्याने खेळतात.

१६ नोव्हेंबर

माप. साचा सहा फुटी, दोन इंच जाड, सर्वांत उंच जागी सहा इंच. बारा मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एकच शीट वापरायची, हे आधीच ठरवलं. सात फूट लांबीच्या चार पट्ट्या: दोन पंधरा इंची (बाजू) आणि दोन नऊ इंची (तळ आणि झाकण). पंधरा, पंधरा, नऊ, नऊ, बरोबर चार फूट. करवतीत जाते ती जाडी झाकणातून वजा, नाहीतरी ते थोडं सैलच हवं. उरलेल्या फूटभर तुकड्यातून दोन्ही टोकांच्या फळ्या निघतात.

तळ आणि झाकण बाजूंच्या मधे बसवायचं. त्यामुळे आतून इन्सुलेशन लावल्यावर रुंदी सात इंच राहते आणि उंची बारा. खाली बल्ब, वर साचा, मधे बोटभर जागा.

मिस्त्रींनी कापून दिलं. "एवढ्या लांब पेटीत ठेवता काय भाऊ?" "धनुष्य." "मग झाकनाले कडी कशाले पाह्यजे, कोन चोरून राह्यलं?" कडी तरीही लावली. पट्ट्या फुगून झाकण वर उचललं जाऊ नये एवढंच तिचं काम.

२३ नोव्हेंबर

इन्सुलेशनवर बराच वेळ घालवला, आणि घालवायलाच हवा होता.

थर्माकोल स्वस्त, हलका, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. पण सतत ७५-८० अंशांच्या वर तो टिकत नाही, आकसतो, आणि पेटलाच तर वितळून ठिबकतो. पेटी ७० वर चालवायची म्हणजे हवा ७०; बल्बच्या वीतभर वरचा भाग त्याहून बराच तापणार. बाद. काचेची लोकर तापमानाला उत्तम, पण झाकण उघडताना तिचे तंतू उडतात आणि मला ओल्या गोंदाजवळ ते नकोत.

शेवटी एसीच्या डक्टला गुंडाळतात ती नायट्राइल रबरची काळी शीट घेतली, २५ मिलिमीटर, एका बाजूला अॅल्युमिनियम फॉइल. शंभर अंशांपर्यंत ती निवांत असते. डक्टिंगचं काम करणाऱ्याकडे उरलेले तुकडे पडून होते, वजनावर मिळाले. फॉइलची बाजू आत ठेवून आतून चारी बाजूंना चिकटवली, सांध्यांवर फॉइल टेप. तळाला आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना वीतभर उंचीपर्यंत जीआय पत्रा.

झाकण टेकेल त्या कडेला दाराच्या फटीला लावतात ती रबरी पट्टी. उष्णता भिंतीतून झिरपते त्याहून फटीतून जास्त पळते.

३० नोव्हेंबर

किती वॅट लागतील? पेटीचा पृष्ठभाग सरासरी अडीच चौरस मीटर. नायट्राइल, प्लाय आणि दोन्हीकडचा हवेचा थर धरला तर दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण एक वॅट बाहेर जाणार. बाहेर २०, आत ७०, फरक ५० चा: सव्वाशे वॅट फक्त तापमान टिकवायला. वर चढायला त्याच्या तिप्पट तरी हवेत. शंभर वॅटचे चार बल्ब, पिवळे, तारेचे. एलईडी इथे कामाचा नाही. जो दोष म्हणून तारेचा बल्ब घराघरांतून गेला तोच इथे गुण.

शंभरचा बल्ब आता किराणा दुकानात दिसत नाही, पण पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात हमखास. पिल्लांना ऊब द्यायला तोच वापरतात. टेम्परेचर कंट्रोलरही तिथेच मिळाला: अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो एसटीसी-१०००, थेट २३० व्होल्टवर चालणारा, दहा अँपिअरचा रिले (बल्ब चालू-बंद करणारा आतला स्विच), ९९ अंशांपर्यंत. दुकानदाराने विचारलं, "किती अंड्यांची मशीन?" सांगायला गेलो तर गर्दी जमली असती. शंभर म्हटलं.

पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान जास्त काटेकोर धरणारा महाग प्रकार, का नाही, हा प्रश्न मला दोघांनी विचारला. लाकडाचा साचा आठ-दहा किलोचा आहे. हवा दोन अंश वरखाली झाली तर गोंदाला ते कळतही नाही. पीआयडीचे पैसे बांबूवर खर्च करावेत.

१ डिसेंबर

वायरिंग. हे घाईने लिहिण्यासारखं नाही.

होल्डर चिनी मातीचे. प्लास्टिकचे असल्या पेटीत काही दिवसांत ठिसूळ होऊन चुरा होतात. घरातली नेहमीची पीव्हीसी वायर ७० अंशांचीच असते, म्हणजे आतल्या हवेतच तिची मर्यादा संपली. आत सगळी सिलिकॉन वायर, बाहेर पडल्यावर साधी. भिंतीतून जाते तिथे रबरी ग्रोमेट. पत्र्याला अर्थिंग, कारण वायर सोलली गेली तर सगळा पत्राच जिवंत होईल आणि तो हाताच्या उंचीवर आहे. ज्या बोर्डातून लाइट घेतली त्याला आरसीसीबी (गळतीचा करंट दिसताच लाइट तोडणारा स्विच) आहे, चाचणीचं बटण दाबून खात्री केली.

कंट्रोलरचा रिले चिकटला तर बल्ब बंदच होणार नाहीत. म्हणून बल्बच्या ओळीत वेगळा ९० अंशांचा थर्मल कटआऊट, गीझरमध्ये असतो तसा, हाताने परत दाबल्याशिवाय न लागणारा. तो झाकणाजवळ बसवला, कारण सगळ्यांत गरम हवा तिथेच साठते. हेअर ड्रायरने तापवून पाहिला. टक् आवाज झाला, बल्ब गेले. सेन्सर बल्बला दिसता कामा नये, नाहीतर तो हवेऐवजी बल्बचा चटका मोजतो. त्याच्या खाली पत्र्याचा छोटा आडोसा लावला.

८ डिसेंबर

रिकामी पेटी चालवली. सकाळी खोलीत १८. अर्ध्या तासात आत ७०. त्यानंतर बल्ब दर तीन मिनिटांत मिनिटभर लागतात, म्हणजे चारशेचा तिसरा हिस्सा, १३० च्या आसपास. हिशेब सव्वाशेचा होता. फटी बऱ्या बुजल्या म्हणायच्या.

पण सगळीकडे सारखं नाही. साच्याच्या उंचीवर मध्यभागी ७०, दोन्ही टोकांना ६१. झाकणाखाली ७६. टोकांच्या फळ्यांतून उष्णता जास्त जाते आणि चार बल्ब सारख्या अंतरावर लावले की मधल्या दोघांचं एकमेकांना पाठबळ मिळतं, टोकाच्यांना नाही. कडेचे बल्ब टोकांकडे सरकवले, आता फळीपासून वीतभर. प्रत्येक बल्बवर पत्र्याची उलटी पन्हाळ, म्हणजे गरम हवा सरळ वर न जाता दोन्हीकडे पसरते आणि साच्याच्या तळाला थेट चटका बसत नाही.

परत मोजलं: मध्य ७०, टोकं ६७ आणि ६८. पुरे. पंखा लावायचा विचार होता, पण संगणकातले छोटे पंखे ७० अंशांच्या हवेत फार काळ जगत नाहीत, आणि फिरणारी वस्तू म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू.

१४ डिसेंबर

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा.

साच्यावर पट्ट्या कोरड्याच ठेवल्या, गोंद न लावता. पट्टी आणि साचा यांच्या मधे थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, बारीक तार. वरून नेहमीसारखी सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळली. पेटी ७० वर.

हवा ७० झाल्यावर तासाभराने गोंदाच्या जागी ४८. दोन तासांनी ५९. साडेतीन तासांनी कुठे ६६.

म्हणजे कंट्रोलरवरचा लाल आकडा हवेचा असतो, धनुष्याचा नाही. लाकूड उष्णता आत घ्यायला वेळ लावतं आणि दोन इंच सागवानाच्या पोटात ती पोचायला तास-दीड तास जातोच. वरून ट्यूबच्या रबराची रजई. "सत्तरला दोन तास" असं ऐकून जो दोन तासांनी पेटी बंद करेल त्याचा गोंद ६० ला जेमतेम टेकलेला असेल. वेळ मोजायची ती गोंद तापल्यापासून.

साच्याला आडवी भोकं पाडली, इंचभर व्यासाची, वरच्या कडेपासून दीड इंच सोडून, ओळीने. वजन कमी झालं, हवा आरपार जाते. ट्यूबच्या वेढ्यांत आता बोटभर फट सोडतो, वेढे दोन दिशांनी तिरके घालतो म्हणजे दाब सगळीकडे येतो. पुन्हा चाचणी: अडीच तासांत ६६. साडेतीन तासांचे अडीच झाले, एवढ्यावर समाधान.

२२ डिसेंबर

पेटी नसतीच तर खरंच काय बिघडलं असतं, हे बघायचं होतं. मानवेलाच्या दीड वीत लांब, तीन मिलिमीटर जाड पट्ट्या. दोन-दोन पट्ट्या एकाच वळणाच्या ठोकळ्यावर वाकवून चिकटवल्या. गोंद एकच, अरल्डाइटचा सावकाश जमणारा. वजनाने रेझिन १०० ला हार्डनर ८०, मापाने निम्मा-निम्मा. 'अ' जोडी आठवडाभर खोलीत. 'ब' एक रात्र खोलीत आणि मग गोंद तापल्यापासून चार तास ७० ला. ठोकळ्यावरून काढल्यावर कमानीची उंची: अ ४२ मिलिमीटर, ब ४१.

मग दोन्ही मोकळ्या पट्ट्या पेटीत, ६० अंश, रात्रभर. गाडीतली दुपार समजा.

सकाळी: अ ३३. ब ३९.

'अ'चा जोड कुठेही उघडलेला नाही, चाकू घालून बघितला, बांबूच फाटतो. फक्त आकार गेला. आणि पुढची गंमत: तीच 'अ' पुन्हा रात्रभर ६० ला ठेवली तर ३२ वर थांबली. पहिल्या रात्रीच्या उष्णतेने तिचा गोंद पक्का केला, पण आकार गेल्यानंतर. ऊनही धनुष्य पक्कं करतंच. फक्त तेव्हा त्याला साच्यावर बांधून ठेवणारं कुणी नसतं.

१२ जानेवारी २०२५

प्रत्यक्ष जोडणी. मानवेलाच्या पट्ट्या नोव्हेंबरपासून घरात सुकत होत्या. आतली बाजू रंध्याने सपाट, पाठीची साल तशीच, पेरांचे उंचवटे फक्त कानशीने मवाळ केले. जोडाच्या बाजूंवर हॅकसॉ ब्लेडने उभ्या रेषा ओढल्या, म्हणजे दाबाखाली सगळा गोंद पिळून निघत नाही. मग अॅसिटोनने पुसून वाळू दिलं. साच्यावर पॅकिंगची टेप, नाहीतर धनुष्य आणि साचा जन्मभर सोबत राहतात.

गोंद सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर मोजला. हाताशी दीडएक तास असतो, गार हवेत त्याहून जास्त, घाई नाही. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना पातळ थर, मुठीपासून टोकांकडे ट्यूब गुंडाळत गेलो. दोन्ही कडांना गोंदाचे मणी सलग दिसले की समजायचं, कुठे कोरडं राहिलं नाही.

आणि लगेच पेटीत नाही. ताजं एपॉक्सी तापलं की आधी पाण्यासारखं पातळ होतं, जमतं नंतर. ट्यूबचा दाब कायम असतोच. मधल्या वेळात गोंद बाहेर वाहून जाईल आणि जोड उपाशी राहील. रात्रभर खोलीत, थर्मोकपल पट्टीखाली, साचा पेटीत ठेवला पण बल्ब बंद.

१३ जानेवारी

सकाळी कडेचा मणी नखाने दबत नाही. बल्ब चालू, आधी ४५ वर तासभर, मग ७०. पायऱ्यांनी चढवायचं कारण हेच की अर्धवट जमलेला गोंद एकदम मऊ पडू नये.

गोंद ६५ च्या पुढे गेला तिथून वेळ मोजायला सुरुवात. मधेच लाइट गेली. झाकण उघडलं नाही. चाळीस मिनिटांनी आली तेव्हा हवा ६१, गोंद ६३. साच्याचं वजन इथे उपयोगी पडलं. तेवढी वेळ पुढे वाढवली, बाकी काही केलं नाही.

चार तास झाल्यावर बल्ब बंद, पेटी बंदच. गरम असताना ट्यूब सोडली तर इतका वेळ घातला तो पाण्यात. गोंद त्या क्षणी मऊच असतो.

१४ जानेवारी

तीळगुळाच्या आधी पेटी उघडली. आत २४. ट्यूब सोडली, धनुष्य साच्यावरून जेमतेम दोन मिलिमीटर उठलं. टोकांचा उलटा बाक ४० मिलिमीटर.

पेटीत बांबूचा एक सुटा तुकडा ठेवला होता, साक्षीदार म्हणून, बरोबर १०० ग्रॅमचा. तो आता ९५.२ आहे. धनुष्य गोंदाने झाकलेलं म्हणून त्याचं पाणी इतकं गेलं नसेल, पण गेलंच आहे. काचतंतूच्या पट्ट्या लावलेल्या धनुष्यात याने फारसं बिघडत नाही. निव्वळ लाकूड-बांबूच्या धनुष्याला इतक्या कोरड्या अवस्थेत खेचलं तर ते मोडतं. साक्षीदार ९८ च्या वर येईपर्यंत दोरी चढवायची नाही. धनुष्य आणि तुकडा दोन्ही स्वयंपाकघराच्या फळीवर, चुलीपासून लांब, वाफेच्या जवळ. घरातून तक्रार आली. नोंद घेतली, जागा बदलली नाही.

९ फेब्रुवारी

साक्षीदार ९८.४. कडा घासल्या, टोकांना खाचा, टिलरिंग (दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून खरवडणं) सुरू. खालची भुजा थोडी ताठ होती, धामणीच्या बाजूने खरवडून सारखी केली. दोरी २८ इंच खेचायला ४२ पौंड जोर. दोरी काढल्यावर बाक ३६.

२२ एप्रिल

बाहेर ४४. पांढरी गाडी, काचा बंद, दुपारी बारा ते चार. मागच्या सीटवर, दोरी उतरवलेली दोन धनुष्यं: हे, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच साच्यावर खोलीतच जमलेलं, जे मुद्दाम कपाटाबाहेर काढलं नव्हतं. शेजारी थर्मामीटर, सर्वांत वर ६३ गेला.

खोलीत जमलेलं: बाक ३१ वरून १९. पेटीतलं: ३६ वरून ३५, आणि एक मिलिमीटर माझ्या पट्टीच्या हातचा असू शकतो.

सहा मीटरवरून दोन्हींनी बाण मारले. खेच मोजली तर जुन्याची तीन पौंडांनी उतरलेली.

४ मे

मैदानावरच्या एका पोरीच्या धनुष्याच्या भुजा जोडायच्या आहेत, तुकड्यांचं, मूठ वेगळी. भुजेचा साचा अडीच फुटी, म्हणजे दोन शेजारी-शेजारी एकाच वेळी बसतात. मधे पत्र्याचा पडदा टाकून निम्मीच पेटी तापवता येईल का ते बघायचं. दोन बल्बांना वेगळा स्विच आधीच दिलाय. बाहेर इतकं तापलेलं असताना ७० गाठायला दोन बल्ब पुरतील असा हिशेब येतो. बांबू सुकायला टाकला आहे, साक्षीदार तुकडाही त्याच काठीचा कापून ठेवला.